डोणीतले मासे

शालनबाईला आंबेखिंडीत नावाने ओळखणारी माणसं थोडी, पण 'पिंपवाली' म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा तिच्याकडे बोट दाखवायचं. दर आठवड्याला ती घराघरात शिरायची. हातातल्या बॅटरीचा झोत पिंपात, माठात, फ्रिजमागच्या ट्रेमध्ये, कुंडीखालच्या बशीत मारायची आणि पाण्यात अळ्यांची वळवळ दिसली की आधी गोडीने सांगायची, मग बाबापुता करायची, आणि तरीही कोणी हललं नाही तर पदर खोचून स्वतःच पिंप आडवं करायची. पाणी मोरीतून वाहून जायचं आणि घरच्या बाईच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. नगरपरिषदेच्या हिवताप विभागाचं हे काम. त्याला कागदावर मोठं छान नाव आहे, 'कोरडा दिवस'.

आता यातली गंमत बघा. आंबेखिंड हे चाकणच्या अलीकडचं, काल-परवापर्यंत ग्रामपंचायतीचं गाव. कंपन्या आल्या, शेतांत खोल्या उभ्या राहिल्या, माणसं मुंग्यांसारखी वाढली, तशी ग्रामपंचायतीची पाटी उतरली आणि नगरपरिषदेची चढली. मोठी झाली ती पाटीच. नळाला पाणी मात्र तिसऱ्या दिवशी, आणि तेही कधी येईल याचा भरवसा नाही. म्हणजे एकाच इमारतीत खालच्या मजल्यावरचे पाणीपुरवठ्याचे साहेब सांगणार, पाणी जपून वापरा, साठवून ठेवा. वरच्या मजल्यावरचे हिवतापाचे साहेब सांगणार, पाणी साठवू नका, डेंगीचा डास चांगल्या पाण्यातच होतो. दोघांचेही पगार वेळेवर होतात. शिव्या खायला मधे शालनबाई, आणि ती तर नगरपरिषदेचीही नव्हे, ठेकेदाराची.

ती मूळची परभणीकडची. नवरा इथे मालधक्क्यावर हमाली करायचा. त्याला एका कंटेनरने रस्त्यावरच चिरडलं. मुलगी गावाकडे दिलेली होती, तिचं तिलाच झेपेना. परत जावं तर दीर-जावांनी आधीच दार लावून घेतलेलं. अशा वेळी लक्ष्मणरावांनी तिला हात दिला. लक्ष्मणराव म्हणजे गावातलं जुनं घर. जमीन कंपन्यांना गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी पत्र्याच्या खोल्यांची चाळ काढली आणि कामगारांना भाड्याने दिली. मुलगा पिंटू वाकडला फ्लॅटमध्ये, बायको वारलेली, म्हातारा एकटाच जुन्या घरात. त्यांनी कडेची खोली शालनबाईला डिपॉझिटचं नाव न काढता उघडून दिली. पुढे ठेकेदार बदलला आणि त्याने जुन्या बायका काढून टाकायचं ठरवलं, तेव्हाही लक्ष्मणरावांनीच नगरसेवकाला फोन लावला. शालनबाईचं नाव यादीत राहिलं. तेव्हापासून ती त्यांना आबा म्हणू लागली, आणि तेव्हापासून ती त्यांची मिंधी झाली. माणूस उपाशी राहू शकतो, पण मिंधेपणा फार वाईट, तो जीभच गिळून टाकतो.

लक्ष्मणरावांच्या घरामागे गोठा होता आणि गोठ्यात काळ्या दगडाची एक लांबलचक डोण. जनावरांना पाणी पाजायची. तिच्या तळाशी एका बाजूला भोक, त्यात चिंध्यांचा बोळा घट्ट ठोकलेला. या डोणीवर त्यांचा बादल पाणी प्यायचा. बादल म्हणजे शर्यतीचा बैल. शर्यतीच्या घाटात बादल सुटला की गाडामालकांच्या छातीत धडधड व्हायची, असं लक्ष्मणराव सांगायचे, आणि सांगताना अजून त्यांचा आवाज चढायचा. लम्पीच्या साथीत तो गेला. अंगभर गाठी, तोंडातून लाळ, शेवटी उठताच येईना. त्यानंतर गोठा रिकामाच होता, पण लक्ष्मणराव रोज सकाळी आंघोळीआधी एक बादली पाणी डोणीत ओतायचे. डोण रिकामी केली की दावण उठते, घरात पुन्हा जनावर टिकत नाही, असं त्यांचे वडील म्हणायचे. दिवाळीपर्यंत नवा खोंड आणायचा, तोवर डोण भरलेली पाहिजे, एवढाच त्यांचा हट्ट होता.

चाळीत मधल्या खोलीत बिल्किसबी राहायची, तिचा मुलगा झिशान आणि सून सादिका. हेही नांदेडकडचे, म्हणजे शालनबाईच्या मुलखातले. झिशान एका कंपनीत प्रेस मशीनवर होता, ओव्हरटाइम मिळाला की घरी चिकन यायचं. शालनबाईची आणि बिल्किसबीची ओळख भांडणातूनच झाली. पहिल्याच फेरीत शालनबाईने तिचं भरलेलं निळं पिंप मोरीत उपडं केलं, आणि पाणी तर अजून दोन दिवस यायचं नव्हतं. बिल्किसबीने सगळी चाळ डोक्यावर घेतली. पण संध्याकाळी तिच्या लक्षात आलं की पिंपवाली स्वतःची भरलेली घागर घेऊन दारात उभी आहे. शालनबाई तिला म्हणाली, "शिव्या द्या, पण पाणी घ्या. पोरीला डोक्यावरून आणायला लावू नका."

कारण सादिकाला दिवस गेले होते. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, नवस-दर्गे झाले होते, आणि आता कुठे कूस उजवली होती. पोरगी गुणाची. बोलायची कमी, हसायची जास्त. शालनबाईला ती मावशी म्हणायची आणि तिच्या पाठीला तेल चोळून द्यायची. नगरपरिषदेच्या दवाखान्यात तपासणीला शालनबाईच तिला घेऊन जायची, रांगेत पुढे घुसवायची, लोह-कॅल्शियमच्या गोळ्या मागून घ्यायची. बाळ कोणासारखं होणार यावर दोघी म्हाताऱ्या वाद घालायच्या. शालनबाईला आपल्या मुलीचं बाळंतपण करायला मिळालं नव्हतं, म्हणून या पोरीचं करायचं तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. बिल्किसबीही ते समजून होती.

पावसाळा तोंडावर आला तसा वरून हुकूम सुटला. मागल्या वर्षी तापाचे पेशंट फार निघाले, आता एकही उघडं पाणी दिसता कामा नये. शालनबाईने सगळी चाळ झटकून काढली. राहिली ती डोण. तिने दोन-तीनदा विषय काढला. लक्ष्मणराव आधी हसले, मग म्हणाले, "बोळा काढायचा न्हाई, शालन. बादल गेला, पर दावण हाय अजून." त्यांचे डोळे भरले ते बघून ती गोठ्यातून परत फिरली. दुसऱ्याचं पिंप आडवं करताना तिचा हात कधी अडला नव्हता. इथे अडला.

मग तिला गप्पी मासे आठवले. ऑफिसच्या मागे सिमेंटच्या हौदात ते पाळलेले असतात, नखाएवढे, डासांच्या अळ्या गिळून टाकणारे. जिथे पाणी ओतता येत नाही, विहिरीत, मोठ्या टाकीत, तिथे ते सोडतात. शालनबाई एक पिशवीभर मासे घेऊन आली आणि डोणीत सोडले. लक्ष्मणराव खूश, शालनबाई खूश. डोण भरलेलीही राहिली आणि अळीही होणार नाही. सादिका तर रोज पोटावर हात ठेवून मासे बघायला जाऊन बसायची. त्या बाजूला सावली होती, वारा होता, आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी जीव घाबरायचा. लक्ष्मणराव तिच्यासाठी तिथे एक जुनी खुर्ची टाकून ठेवायचे.

पहिले काही आठवडे शालनबाईने नीट बॅटरी मारून पाहिलं. मासे सळसळ फिरत होते, पाणी स्वच्छ. मग ती गोठ्याच्या फाटकातूनच विचारू लागली, "आबा, मासे आहेत ना?" आतून उत्तर यायचं, "हायेत की. चांगले पोहत्यात." की ती पुढच्या दाराला. आबांच्या गोठ्यात बॅटरी घेऊन शिरणं म्हणजे त्यांच्यावर संशय घेतल्यासारखं वाटायचं तिला. काय म्हणावं या समजूतदारपणाला! जिथे राग आला तरी चाललं असतं तिथे तिने भीड धरली.

श्रावणात वरच्या आळीत जुलाब-उलट्यांची साथ आली. पाइप कुठेतरी गटारात फुटला होता. पाणीपुरवठ्याच्या लोकांनी टाकीत पावडर ओतली, आणि ओतली म्हणजे अशी ओतली की चहालासुद्धा औषधाचा वास यायला लागला. सगळे नाक मुरडत तेच पाणी प्यायले. खालच्या मजल्याने टाकीत पावडर टाकली हे वरच्या मजल्याला कोणी सांगितलं नाही. आणि सांगितलं असतं तरी पावडरीच्या पाण्यात मासा जगत नाही, एवढा विचार तिथे कोणाला सुचला असता, याची मला तरी खात्री नाही.

गणपती उठले आणि सादिकाला ताप भरला. आधी वाटलं थंडी-वाऱ्याचा असेल. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या. ताप उतरला, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, आणि त्यानंतरच पोरगी ढासळली. पोटात दुखायला लागलं, हिरड्यांतून रक्त आलं. शालनबाईने ते रक्त बघितलं. झिशानला शिफ्टमधून बोलावून घेतलं, रिक्षा केली, पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्यांनी बिचाऱ्यांनी हयगय केली नाही. रक्त तपासलं, डेंगी निघाला, लगेच पेशी चढवायला घेतल्या. पण दोन जीव होते आणि दोन्हींचा भार त्या एका पोरीवर.

दवाखान्यातून घरी आली ती शालनबाई खोलीत गेलीच नाही, सरळ गोठ्यात शिरली. चाळीतली सगळी भांडी तिने स्वतःच्या हाताने पालथी घातलेली होती. मग डास आला कुठून? तिने डोणीवर वाकून बॅटरी मारली. मासा एकही नव्हता. पाणी अळ्यांनी नुसतं बुजबुजलं होतं. कडेला ती जुनी खुर्ची तशीच होती, आणि दुपारभर तिथे कोण बसायचं हे तिला कोणी सांगायला नको होतं.

लक्ष्मणराव मागे येऊन उभे राहिले होते. तिने विचारलं, मासे कधी मेले. ते म्हणाले, "ती पावडर टाकली नव्हं का, तवाच. सकाळी बघतो तर समदे पोट वर करून. काढून टाकले म्या. तुला सांगितलं असतं तर तू बोळा काढला असतास."

ओरडावं, त्यांच्या अंगावर धावून जावं, असं शालनबाईला वाटलं, पण ती तिथेच खाली बसली. लक्ष्मणरावांनी डोणीत हात घातला आणि बोळा उपटून काढला. पाणी शेणामुताच्या नालीतून वाहून गेलं, मग म्हाताऱ्याने काथ्याने ती डोण घासली, फडक्याने कोरडी केली, चुना फासला. सगळं झाल्यावर तिच्यापुढे हात जोडले. पोरगी बरी होईल, कोणाला बोलू नकोस, पिंटूला कळलं तर तो चाळ पाडून प्लॉट विकेल, मग तूही रस्त्यावर आणि मीही, असं काहीबाही ते बोलत राहिले. शालनबाईने मान हलवली. पोरगी बरी होईल, हे तिलाही तेव्हा खरंच वाटत होतं. ती बरी झाली की मग बघू, असं तिने स्वतःला सांगितलं.

सादिका बरी झाली नाही. आधी बाळ गेलं, मग ती. दफन झालं, बायका घरी रडत बसल्या, आणि शालनबाई बिल्किसबीच्या पाठीवरून हात फिरवत तिथेच भिंतीला टेकून राहिली. झिशान दफनावरून परत आला आणि उंबऱ्यावर बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नगरपरिषदेची गाडी चाळीत आली. डेंगीने माणूस दगावला की घराभोवतीची पाहणी करून डास कुठे झाले ते शोधायचं आणि तसा फोटो वर पाठवायचा, असा नियम आहे. पर्यवेक्षक अजिंक्य नावाचा पोरगा होता, वाईट नव्हता, पण त्याच्या फोनवर साहेबांचे मेसेजवर मेसेज पडत होते. धुराची मशीन भडभड करत चाळीतून फिरली, आणि त्याची दोन माणसं शालनबाईला घेऊन बिल्किसबीच्या खोलीत शिरली. मोरीशेजारी कपड्यांच्या पडद्यामागे त्यांना एक निळं पिंप सापडलं, भरलेलं, तोंडाला सादिकाची ओढणी सुतळीने करकचून बांधलेली.

ते बिल्किसबीने लपवून ठेवलं होतं. गरोदर सुनेला पाणी वाहावं लागू नये म्हणून, आणि पिंपवालीने उपडं करू नये म्हणूनही. शालनबाईने सुतळी सोडून आत बॅटरी मारली. ओढणीमुळे डास शिरायला जागाच नव्हती, पाणी काचेसारखं. अळी सोडा, कचऱ्याचा कणसुद्धा नव्हता. पण अजिंक्यच्या माणसांनी पिंप ओढत दारात आणलं. ती म्हणाली, साहेब, आधी बघून तरी घ्या. तो म्हणाला, लपवून ठेवलेलं पिंप आहे मावशी, आणखी काय बघायचं? पण बोलता बोलता त्याच्याही मनात शंका आली असावी. तो थांबला आणि त्याने सरळ विचारलं, "यात नसेल तर दुसरं कुठे आहे का? असेल तर दाखवा."

समोर ओट्यावर लक्ष्मणराव उभे होते. चाळीतली सगळी माणसं उभी होती. उंबऱ्यावर झिशान होता, आणि त्याच्यामागे भिंतीला धरून बिल्किसबी. शालनबाईच्या मनात खोली आली, काम आलं, गावाकडचं लावलेलं दार आलं. हे सगळं डोळ्यांपुढून जायला कितीसा वेळ लागतो?

"नाही साहेब," ती म्हणाली. "दुसरं काही नाही."

पिंप आडवं झालं. पाणी दारातून चाळीभर पसरलं, अजिंक्यने फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. झिशानने मान वर करून आईकडे बघितलं. हे पिंप कधीपासून होतं, एवढंच त्याने विचारलं. बिल्किसबीने तोंडात पदराचा बोळा कोंबला, आणि तो उठून चालायला लागला.

पुढे काय झालं ते सांगायलाही नको वाटतं. झिशानने कासारवाडीला मित्रांसोबत खोली घेतली. आईला पैसे पाठवायचा, फोन उचलायचा नाही. चाळीसाव्या दिवसाच्या फातेहाला आला, जेवणाआधीच निघून गेला. बिल्किसबीने पिंप भंगारवाल्याला देऊन टाकलं. नळाला पाणी आलं की ती एक कळशी भरायची आणि दिवस मावळायच्या आत तीही ओतून द्यायची. मग तिसऱ्या दिवसापर्यंत घोटभर पाण्यासाठी शेजारच्या दारात उभी राहायची, आणि पाणी पितानाही पेल्यात निरखून बघायची. चाळीतल्या बायका तिच्या तोंडावर काही म्हणत नव्हत्या. पाठीमागे म्हणायच्या, हट्टी बाई, शालनबाई किती सांगत होती, शेवटी सून घालवलीच.

आणि शालनबाईचं काम? विचारू नका, इतकं सोपं झालं. आता दारात पाऊल ठेवायच्या आधीच लोक आपणहून पिंपं उपडी करत होते. ऑफिसमध्ये तिची वाहवा झाली. नगरपरिषदेने तोच फोटो मोठा करून ऑफिसच्या फाटकावर फ्लेक्स लावला. आडवं निळं पिंप, वाहणारं पाणी, आणि वर लाल अक्षरांत, 'लपवलेल्या पाण्याने जीव जातो.' त्याचीच छोटी पत्रकं छापून घरोघर वाटायला तिच्या हातात दिली. फोटोत एका कोपऱ्यात बिल्किसबीचे पाय आले होते, अनवाणी. कोणी ओळखणार नाही, पण शालनबाईला ते पाय दुसऱ्या कोणाचे वाटणार होते? तिने तो गठ्ठा खोलीत नेला, खाटेखाली ढकलला आणि भाकरी न खाताच पडून राहिली. आपण काय करून बसलो हे तिला त्या पायांकडे बघून सगळं कळलं. सादिका गेली ती एकाच्या हट्टाने आणि दुसरीच्या भिडेने. पण बिल्किसबी रोज मरत होती ती फक्त आपल्या एका वाक्याने.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती उठली आणि बिल्किसबीच्या खोलीत गेली. दार लोटून घेतलं, तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि सगळं सांगितलं. मासे, पावडर, फाटकातून विचारणं, आबांचं खोटं, तिचं स्वतःचं खोटं. तुमच्या पिंपात काही नव्हतं बिल्किसबी, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं, काचेसारखं पाणी होतं. हे सांगताना ती हुंदके देऊन रडली. बिल्किसबी म्हणाली, "दाखवा मला."

दोघी गोठ्यात गेल्या. दिवाळी होऊन गेली होती आणि दावणीला नवा खोंड बांधलेला होता, पांढराशुभ्र, शिंगांना नुकता रंग दिलेला. लक्ष्मणराव त्याला प्लास्टिकच्या बादलीने पाणी पाजत होते. डोण कडेला तशीच होती. कोरडी ठणठणीत, आतून चुन्याने पांढरी, तळाच्या भोकातून पलीकडचा उजेड दिसत होता. तिच्यात कधी पाणी होतं असं कोणी म्हटलं असतं तर बघणाऱ्याला हसू आलं असतं.

शालनबाई म्हणाली, "आबा, सांगा हिला. डोणीत काय होतं ते सांगा."

लक्ष्मणरावांनी आधी बिल्किसबीकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत त्यांना फार वेळ बघवलं नाही. मग ते खोंडाच्या मानेवरून हात फिरवू लागले.

"काय असनार, शालन?" ते म्हणाले. "बादल गेला तवापासनं डोण कोरडीच हाय."

शालनबाईला वाटलं, आता बिल्किसबी किंचाळेल. म्हाताऱ्याला धरेल, आपल्याला धरेल, चाळ गोळा करेल. तिला तेच हवं होतं. एकदा सगळं वेशीवर टांगलं जाऊ दे, खोली जाऊ दे, काम जाऊ दे, पण हिच्या छातीवरचा धोंडा उतरू दे, असं तिला मनापासून वाटत होतं. बिल्किसबी डोणीपाशी गेली. वाकून तिने आतल्या चुन्यावरून बोट फिरवलं, बोटाला लागलेली पांढरी पूड बघितली आणि लुगड्याला पुसली. मग ती परत आली आणि शालनबाईचा हात हातात घेऊन तिला गोठ्याच्या बाहेर घेऊन चालली.

खोलीच्या दारात आल्यावर ती थांबली. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी मऊ झाला होता.

"फोटो सगळ्या दुनियेनं बघितलाय, बाई," ती म्हणाली. "पाप माझंच आहे, ते मला माहीत आहे. पण तुमी माझ्यासाठी एवढं खोटं बोलल्या. त्या भल्या माणसावर आळ घेतला, स्वतःवर घेतला. सख्खी बहीण पण एवढं करत नसते."

शालनबाई मान हलवत राहिली, नाही नाही म्हणत राहिली. बिल्किसबीने तिचे डोळे आपल्या पदराने पुसले. शालनबाईने हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, पण बिल्किसबीने तो घट्ट धरून ठेवला होता.